हाक आणि ओ

मराठीत ‘धावा’ हा एक विलक्षण शब्द आहे. संकटात सापडलेला जीव देवाचा धावा करतो असे आपण म्हणतो, तेव्हा तो जीव स्वतः धावत नसतो. तो जागच्या जागी खिळलेला असतो, म्हणूनच त्याला हाक मारावी लागते. धावायचे असते ते ऐकणाऱ्याने. हाक मारणाऱ्याच्या कृतीला ऐकणाऱ्याच्या कर्तव्याचे नाव देणारा असा शब्द अन्य भाषांत सहजासहजी सापडेल असे मला वाटत नाही. गजेंद्राची कथा, द्रौपदीची भर सभेतील हाक आणि आपल्या संतांनी पंढरीच्या दिशेने घातलेली साद या सर्वांना या एका शब्दाने सामावून घेतले आहे.

मात्र या सर्व कथांमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्याचा धावा केला जातो तो सर्वसाक्षी असतो. गजेंद्राचा पाय खरोखरच नक्राच्या जबड्यात आहे हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. हाक खरी की खोटी हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. उद्भवतो तो केवळ विलंबाचा. माणसाची स्थिती अशी नाही. त्याला अंधारातून एक आवाज ऐकू येतो एवढेच. तो कोणाचा, कुठून, आणि त्यामागे खरोखर कोणी आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. आपल्या खेड्यापाड्यांत अशी समजूत होती की, रात्री-अपरात्री आलेल्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये. ती माणसाची असेलच असे नाही. या समजुतीला आपण अंधश्रद्धा म्हणून सोडून देतो, परंतु तिच्यात एक खरी नैतिक अडचण लपलेली आहे. हाक खरी असल्याची खात्री नसताना, किंबहुना ती खोटी असण्याचाच संभव फार मोठा असताना, ऐकणाऱ्यावर कोणते ऋण येते?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी जे उदाहरण घेणार आहे ते साहित्याच्या अभ्यासकाला काहीसे अनपेक्षित वाटेल. ते आहे अमेरिका आणि कॅनडा या देशांतील स्वयंसेवकांचे, जे पडलेल्या विमानांतून येणाऱ्या संकटसंकेतांचा आकाशातून आणि जमिनीवरून माग काढतात. नीतिशास्त्राची पाठ्यपुस्तके आपली उदाहरणे बहुधा कल्पनेने रचतात. इथे गेली पन्नासहून अधिक वर्षे तो प्रश्न रात्रीमागून रात्री प्रत्यक्षात विचारला जात आहे, आणि सामान्य माणसे त्याचे उत्तर बूट चढवून देत आली आहेत.

प्रथम त्या यंत्राविषयी. एमर्जन्सी लोकेटर ट्रान्समीटर, संक्षेपाने ईएलटी, ही एखाद्या जाडजूड ग्रंथाएवढी पेटी विमानाच्या शेपटीकडील भागात बसवलेली असते. विमान आदळले की तिच्यातील कळ त्या धक्क्याने आपोआप दाबली जाते आणि १२१.५ मेगाहर्ट्झ या कंप्रतेवर ती आवाज देऊ लागते. हा आवाज वरच्या पट्टीतून खालच्या पट्टीत घसरणारा, सेकंदाला दोन-चार वेळा तोच तोच घसरणारा असा असतो. त्याला शब्द नाहीत. ‘मी अमुक, इथे आहे’ असे तो सांगत नाही. बॅटरी टिकेल तोवर, म्हणजे साधारणपणे दोन दिवस किंवा थोडे अधिक, तो केवळ ओरडत राहतो.

ही पेटी विमानांत आली तिच्यामागे एक करुण घटना आहे. १९६७ च्या मार्च महिन्यात एक छोटे खाजगी विमान उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत हिमात कोसळले. चालवणारा गृहस्थ मदत आणण्यासाठी निघाला तो परतला नाही. मागे राहिलेल्या आई आणि किशोरवयीन मुलगी त्या मोडक्या विमानातच थांबल्या. मुलगी रोजनिशी लिहीत होती. त्या नोंदींवरून दोघी पन्नासहून अधिक दिवस जिवंत होत्या असे कळते. शोध केव्हाच थांबला होता. ऑक्टोबरमध्ये शिकारीला गेलेल्या माणसाच्या दृष्टीस ते विमान पडले आणि रोजनिशी हाती आली. या घटनेचा लोकमतावर जो परिणाम झाला त्यातून १९७० साली अमेरिकेत हे यंत्र सक्तीचे करणारे कलम संमत झाले. ते कामगारांच्या सुरक्षिततेविषयीच्या एका मोठ्या कायद्याच्या शेपटाला जोडण्यात आले होते, हा संसदीय व्यवहारातील एक गमतीचा भाग. कायदा झाल्यानंतर दोनच वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९७२ रोजी, प्रतिनिधिगृहातील बहुमताचे नेते हेल बॉग्ज आणि अलास्काचे प्रतिनिधी निक बेगिच यांना घेऊन अँकरेजहून जुनोकडे निघालेले विमान नाहीसे झाले. ३९ दिवस शोध चालला. कोणताही संकेत ऐकू आला नाही, आणि ते विमान आजतागायत सापडलेले नाही.

रोजनिशी लिहिणाऱ्या त्या मुलीचा विचार मनातून जात नाही. तिचे लेखन हाही एक धावाच होता. परंतु तो वाचणाऱ्यापर्यंत पोचण्यासाठी वाचणाऱ्याला आधी तिच्यापर्यंत पोचणे आवश्यक होते. या यंत्राने नेमका हा क्रम उलटवला. आता हाक आधी पोचणार होती आणि माणूस मागाहून.

हाक पोचू लागली, आणि मग एक विचित्र गोष्ट लक्षात आली. १२१.५ मेगाहर्ट्झवर येणाऱ्या शंभर संकेतांपैकी सुमारे ९७ खोटे असत. वैमानिकाने विमान जरा जोरात टेकवले, दुरुस्तीसाठी काढलेली पेटी कोणी हातातून टाकली, बॅटरी गंजली, कळ चुकून दाबली गेली, जुनी पेटी कचऱ्यात फेकली गेली आणि तिथे धक्का लागून बोलू लागली, अशी कारणे असंख्य. उलट, खरोखर अपघात झाला की हे यंत्र पुष्कळदा मुके होई. कधी अँटेनाची तार तुटे, कधी आग लागे, कधी पेटीच चिरडली जाई. म्हणजे काहीही घडलेले नसताना बोलणारी आणि सर्व काही घडून गेल्यावर गप्प होणारी अशी ही वाणी. एखाद्या उपरोधपटू कथाकाराला सुचावी अशी ही रचना अभियंत्यांच्या हातून निर्माण झाली होती.

या वाणीच्या मागे जाणारे कोण? अमेरिकेत मुख्यतः सिव्हिल एअर पेट्रोल. ही संघटना १ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या सहा दिवस आधी स्थापन झाली. युद्धकाळात तिने किनाऱ्यावर गस्त घातली. १९४८ साली ती हवाई दलाची साहाय्यक संस्था बनली. तिचे सदस्य वेतन घेत नाहीत, उलट वर्गणी भरतात. कोणी शिक्षक असतो, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त कारकून, आणि जमिनीवरील पथकांत शाळकरी वयाची मुले-मुलीही असतात. कॅनडात १९८६ पासून अशीच एक स्वयंसेवी संघटना काम करते. संकेताची बातमी अमेरिकेत हवाई दलाच्या समन्वय केंद्राकडे येते, हे केंद्र सध्या फ्लोरिडातील टिंडल तळावर आहे, आणि तिथून त्या त्या राज्यातील स्वयंसेवकांच्या प्रमुखाचा दूरध्वनी वाजतो. हा दूरध्वनी सोयीच्या वेळीच वाजेल असा काही नियम नाही.

पुढचे काम कष्टाचे, आणि मला त्यात फार रस वाटला. विमानातून शोध घेताना वैमानिक विमान कलते करून संथपणे वर्तुळात फिरवतो. पंख अँटेना आणि उगम यांच्या मध्ये आला की आवाज क्षीण होतो, त्यावरून दिशा कळते. जमिनीवरील माणूस हेच आपल्या देहाने करतो. हातातला रेडिओ छातीशी धरून तो स्वतःभोवती हळूहळू फिरतो. आवाज सर्वांत मंद होईल तेव्हा उगम त्याच्या पाठीमागे असतो, कारण त्याचे स्वतःचे शरीरच आड आलेले असते. डोंगराच्या कड्यांवरून, हँगरच्या पत्र्यांवरून आवाज परावर्तित होतो आणि नसलेल्या ठिकाणी असल्याचा भास निर्माण करतो. अगदी जवळ गेल्यावर तर सगळीकडून सारखाच मोठा आवाज येऊ लागतो, तेव्हा शोधकाला अँटेना काढून टाकून किंवा कंप्रता किंचित चुकीची लावून आपला कान मुद्दाम थोडा बधिर करून घ्यावा लागतो. मग रांगेने उभ्या असलेल्या विमानांमधून एक विमान सापडते. धडधाकट, कुलूपबंद, आत कोणी नाही. ते उघडण्याचाही शोधकाला अधिकार नसतो. मालकाला किंवा विमानतळाच्या व्यवस्थापकाला झोपेतून उठवायचे, पेटी बंद करवून घ्यायची, वेळ नोंदवायची आणि घरी जायचे.

शंभरांतून सत्त्याण्णव वेळा शोधाचा शेवट असाच काहीसा होत असे.

इथे प्रत्येकाला लांडग्याची गोष्ट आठवेल. ‘लांडगा आला रे आला’ म्हणून गावकऱ्यांना फसवणाऱ्या पोराची ही कथा आपण मुलांना शेकडो वेळा सांगतो, आणि दरवेळी तिचे तात्पर्य हाक मारणाऱ्याला उद्देशून असते: खोटे बोलू नये, नाहीतर खरे सांगितल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. गावकऱ्यांविषयी कथा काहीही बोलत नाही. शेवटच्या दिवशी ते घरात बसून राहिले, आणि कथेने त्यांना निर्दोष सोडले. मला ही सुटका नेहमीच जरा घाईची वाटत आली आहे. मेंढ्या गावाच्या होत्या, पोरगाही गावाचाच होता. तो लबाड होता हे खरे, परंतु लबाडाच्या दारात लांडगा येत नाही असे थोडेच आहे? अविश्वास ही त्याला दिलेली शिक्षा होती असे फार तर म्हणता येईल. त्या शिक्षेचे प्रमाण गुन्ह्याशी जुळते काय, हे विचारण्याचे भान कथेला नाही.

तरीही लांडग्याच्या कथेतील गावकऱ्यांजवळ एक सबब आहे, जी आपल्या स्वयंसेवकांजवळ नाही. पोरगा त्यांना जाणूनबुजून फसवत होता, आणि फसवणाऱ्यावर रागावण्याचा माणसाला हक्क असतो. यंत्र फसवत नाही. ते खोटे बोलते असे आपण म्हणतो, पण हा केवळ लक्षणेचा व्यवहार झाला. खोटे बोलण्यासाठी सत्याची जाणीव लागते. शिवाय, आणि हे अधिक महत्त्वाचे, काल खोटे बोललेले यंत्र आणि आज बोलणारे यंत्र ही एक नव्हेत. सारखाच आवाज असलेल्या हजारो पेट्या आहेत. कालच्या पेटीच्या चुकीबद्दल आजच्या पेटीखाली दबलेल्या माणसाला शिक्षा द्यायची, असा त्याचा अर्थ होईल. आपण समाजात नेमके असेच पुष्कळदा करतो, ही गोष्ट वेगळी. दारावर आलेल्या एका याचकाने फसवले म्हणून पुढच्या दहांना हाकलणारे गृहस्थ आपल्या परिचयाचे आहेत, आणि त्यांना व्यवहारी म्हणण्याची आपली रीत आहे.

यावर हिशेबाने बोलणारा माणूस म्हणेल की भावना बाजूला ठेवा. सत्त्याण्णव वेळा व्यर्थ जाणारे श्रम, इंधन, झोप आणि धोका यांची बेरीज करा. धोका हा शब्द अलंकारिक नाही. शोध घेणारी विमानेही पडतात. हा आक्षेप मी क्षुल्लक मानत नाही. परंतु हिशेब करणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट निसटते, आणि माझ्या मते ती या साऱ्या विषयाचे मर्म आहे. हे सर्व संकेत एकाच कंप्रतेवर असतात. एखाद्या हँगरमधील निर्जीव पेटी ओरडत राहिली, तर तिच्या गोंगाटाखाली त्याच परिसरातल्या डोंगरातील खरी हाक दबून जाऊ शकते. म्हणून खोटा संकेत शोधून बंद करणे हे व्यर्थ गेलेले काम नव्हे. जो माणूस अजून पडलेला नाही, कदाचित कधी पडणारही नाही, त्याची हाक ऐकू यावी म्हणून राखलेली ती शांतता आहे. स्वयंसेवक कुलूपबंद विमानापाशी पोचतो तेव्हा त्याला कोणी सापडत नाही हे खरे. पण तो ज्याच्यासाठी गेला होता तो त्या विमानात नव्हताच.

या दृष्टीने पाहिले की आधुनिक नीतिचर्चेतील एका प्रसिद्ध उदाहरणाची मर्यादा दिसू लागते. पीटर सिंगर यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या दुष्काळ आणि समृद्धी यांविषयीच्या निबंधात एक प्रसंग कल्पिला आहे: उथळ तळ्यात मूल बुडते आहे, मी जवळून चाललो आहे, कपडे चिखलाने भरतील एवढीच काय ती हानी, तर मी त्याला बाहेर काढले पाहिजे. त्यातून ते असे दाखवतात की दूरच्या माणसाचे दुःखही आपल्याला तितकेच बांधून घेते. युक्तिवाद बळकट आहे. परंतु सिंगर यांच्या तळ्यातील मूल आपल्याला दिसते. ते आहे याविषयी शंका नाही. शंका आहे ती आपल्या इच्छेविषयी. ईएलटीच्या बाबतीत इच्छा पक्की आहे आणि मूलच संशयित आहे. तळ्यावर धुके आहे, आणि दर शंभर रात्रींपैकी सत्त्याण्णव रात्री त्या धुक्यात पाण्यावाचून काही नाही. अशा तळ्यात रोज उतरणाऱ्याला काय म्हणावे याचे उत्तर सिंगर यांच्या निबंधात मिळत नाही. आपले बहुतेक नैतिक जीवन मात्र याच धुक्यात चालते. शेजारच्या घरातून आलेली किंकाळी, विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत मधेच आलेले एखादे वेडेवाकडे वाक्य, फार दिवसांनी आलेले मित्राचे विनाकारण पत्र, यांपैकी कोणत्याही गोष्टीखाली ‘हे संकट आहे’ अशी तळटीप नसते.

भारतीय वाचकाला इथे निष्काम कर्माची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती होते म्हणूनच थोडे थांबायला हवे. फळाची आशा न धरता कर्म करणारा हा स्वयंसेवक गीतेतील आदर्श पुरुष आहे असे म्हणणे सोपे आहे. पण त्याच्या फिरण्याकडे नीट पाहा. फळाविषयी जो उदासीन आहे तो रेडिओ छातीशी धरून मध्यरात्री तीनदा स्वतःभोवती फिरणार नाही. एका फेरीत भागवील. शोधकाला फळ हवेच असते, उत्कटतेने हवे असते. ते मिळणार नाही हेही त्याला जवळजवळ ठाऊक असते. आसक्ती न सोडता निष्फळतेची सवय करून घेणे ही काही वेगळीच साधना आहे, आणि तिच्यासाठी आपल्या परिभाषेत नेमका शब्द आहे असे मला दिसत नाही. त्यातच एक गुंतागुंत अशी की, सत्त्याण्णवांतला एक म्हणून निराश होऊन परतणाऱ्याला मनाच्या तळाशी आनंदच व्हायला हवा, कारण कोणी पडलेले नाही. त्याचे अपयश हीच आनंदाची वार्ता असते. नैतिक दैव या संकल्पनेची चर्चा बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ साली सुरू केली, ती इथे ताडून पाहण्यासारखी आहे. दोन स्वयंसेवक एकाच रात्री, एकाच तत्परतेने निघतात. एकाला डोंगरात जिवंत माणूस मिळतो, दुसऱ्याला कचऱ्याच्या ढिगात एक पेटी. वृत्तपत्र पहिल्याचे छायाचित्र छापते. दुसऱ्याचे पुण्य कमी आहे असे मात्र कोणी मनापासून म्हणू शकेल असे वाटत नाही.

या इतिहासात हसू येण्याजोगे प्रसंगही आहेत. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात कॉर्व्हॅलिस गावी उपग्रहाने पकडलेल्या संकेताचा माग काढीत स्वयंसेवक आणि पोलीस एका वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या दारात येऊन उभे राहिले. त्याच्याकडे विमान नव्हते. होता एक दूरचित्रवाणी संच, जो बिघाडामुळे नेमक्या १२१.५ मेगाहर्ट्झवर संकटाची हाक घालत होता. संच पुन्हा लावल्यास दिवसाला दहा हजार डॉलर दंड होईल असे त्याला सांगण्यात आले, आणि उत्पादक कंपनीने त्याला नवा संच देऊ केला. हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो. मला त्यात विनोदापेक्षा वेगळे काही दिसते. एका खोलीत बसून माणूस करमणूक पाहत होता आणि तेच यंत्र बाहेरच्या जगाला ‘वाचवा’ म्हणत होते. आणि त्या हाकेला ओ देणारे कोणी होते.

उपग्रहांचा उल्लेख वर आला. १९७९ साली सोव्हिएत संघ, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्स या देशांनी संकटसंकेत ऐकणाऱ्या उपग्रहांची एक समाईक योजना आखली. कोस्पास-सारसॅट हे तिचे नाव. शीतयुद्धाचा तो ऐन काळ. पहिला उपग्रह सोव्हिएत संघाने ३० जून १९८२ रोजी सोडला, आणि त्याच सप्टेंबरात त्याने कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पडलेल्या एका छोट्या विमानाचा आवाज ऐकला. तिघे जण वाचले. हे तिघे तिथे का गेले होते? त्यांच्यापैकी एकाचा मुलगा काही आठवड्यांपूर्वी विमानासह बेपत्ता झाला होता, आणि ते त्याचा शोध घेत होते. ज्याला ओ द्यायला बाप निघाला होता त्याची हाक आली नाही. बापाचीच हाक एका परक्या, जवळजवळ शत्रूच्या, उपग्रहाने ऐकली. यावर भाष्य करण्याचा मोह मी टाळतो.

ऐकणे हेच एक कर्तव्य आहे, ही जाणीव मानवजातीला फार जुनी नाही. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडत असताना कॅलिफोर्नियन नावाचे जहाज बर्फात थांबलेले होते. त्याच्यावरील एकमेव बिनतारी संदेशक झोपायला गेला होता. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना आकाशात उडालेले अग्निबाण दिसले, परंतु त्यांनी त्याला पहाटेपर्यंत उठवले नाही. तो संदेशक दुष्ट नव्हता; दिवसभराचे काम संपवून झोपला होता. त्यानंतर सागरी सुरक्षेच्या १९१४ च्या आंतरराष्ट्रीय करारात सतत कान देऊन बसण्याचा नियम आला. हाक ऐकूनही न जाणे हा दोष होता हे जगाला आधीपासून माहीत होते. ऐकू येईल अशा जागी नसणे हाही दोष ठरू शकतो, हे तेव्हा कळले.

याच दृष्टीने १ फेब्रुवारी २००९ ही तारीख मला महत्त्वाची वाटते. त्या दिवसापासून उपग्रहांनी १२१.५ मेगाहर्ट्झवरील हाका ऐकणे बंद केले. आता ते फक्त ४०६ मेगाहर्ट्झवरचे संकेत ऐकतात. या नव्या यंत्रांची हाक अंकरूप असते आणि तिच्यात त्या यंत्राची ओळख असते. नोंदवहीत मालकाचे नाव व दूरध्वनी सापडतो. केंद्रातील माणूस प्रथम दूरध्वनी करतो, आणि ‘अहो, विमान इथेच उभे आहे, चुकून कळ लागली असेल’ असे उत्तर आले की प्रकरण मिटते. अनेकांची झोप वाचली, खऱ्या संकटाचे ठिकाण अधिक अचूक कळू लागले. हा निर्णय शहाणपणाचा होता याविषयी मला शंका नाही. तरीही त्याचे नैतिक स्वरूप ओळखून घ्यायला हवे. निनावी हाक ऐकायची नाही, असे ठरवले गेले. ज्याची नोंद आहे त्याचाच आवाज आकाशापर्यंत पोचेल. आपल्या दप्तरशाहीच्या जगात हे तत्त्व नवे नाही. रुग्णालयापासून रेशनच्या दुकानापर्यंत ते आपण रोज पाहतो. नवे इतकेच की ते आता संकटाच्या आर्त स्वरालाही लागू झाले.

भारतही या योजनेत आहे. लखनौ आणि बंगळूर येथे संकेत उतरवून घेणारी केंद्रे आहेत, आणि बंगळूरचे नियंत्रण केंद्र शेजारच्या देशांसाठीही काम करते. वैमानिक स्वयंसेवकांची तशी संघटना मात्र आपल्याकडे उभी राहिलेली नाही. आपल्याकडे शोध घेतात ते सैन्य, आणि डोंगरात राहणारी माणसे. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान १३ जणांसह अरुणाचलच्या अरण्यात नाहीसे झाले. त्याच्या यंत्राची हाक शोधकांपर्यंत पोचली नाही. विमाने, हेलिकॉप्टरे, उपग्रह कामाला लागले, आणि ढगांनी झाकलेल्या त्या उतारांवर स्थानिक माणसेही. आठव्या दिवशी, ११ जूनला, अवशेष दिसले. कोणीही वाचले नव्हते. मृतांना खाली आणण्यासाठी गिर्यारोहक त्या दुर्गम जागी चढले. हाकच नसताना दिलेली ही ओ होती.

हाक नसलेल्या शोधाचा विचार करताना २००७ चे एक अमेरिकन उदाहरण सांगितले पाहिजे. जगप्रदक्षिणा केलेले वैमानिक स्टीव्ह फॉसेट ३ सप्टेंबर रोजी नेवाडातून एका छोट्या विमानातून निघाले आणि परतले नाहीत. सिव्हिल एअर पेट्रोलने महिनाभर शोध केला. हजारो लोकांनी घरबसल्या उपग्रहांची छायाचित्रे चौकोनाचौकोनाने तपासली. संकेत नव्हता, आघातात यंत्र नष्ट झाले होते हे मागाहून कळले. वर्षभराने कॅलिफोर्नियाच्या पर्वतात एका पायी फिरणाऱ्याला त्यांची ओळखपत्रे सापडली, आणि मग विमान. परंतु त्या महिनाभराच्या शोधात, फॉसेट सापडले नाहीत तरी, वाळवंटात आणि डोंगरांत पूर्वी पडलेल्या काही विमानांचे जुने अवशेष दिसले, ज्यांची नोंद शोधकांजवळ नव्हती. प्रसिद्ध माणसाला शोधायला निघालेल्यांना अशी अनामिक माणसांची विमाने दिसली. त्यांनी कधी हाक मारली होती की नाही, आणि मारली असेल तर त्या वेळी कोण ऐकत होते, याचा उलगडा त्या धातूच्या तुकड्यांवरून होण्यासारखा नव्हता.

जुन्या पेट्या अजूनही अनेक छोट्या विमानांत आहेत, आणि अमेरिकेत खाजगी विमानांना त्या बाळगण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्यांची चाचणी घेण्याचाही एक नियम आहे: प्रत्येक तासाच्या पहिल्या पाच मिनिटांतच, आणि तीन घसरणींपेक्षा अधिक नाही. म्हणून तासाच्या आरंभी क्षणभर आलेल्या आवाजावर कोणी धावत नाही. सहाव्या मिनिटाला तोच आवाज आला तर त्याचा अर्थ बदलतो. उपग्रह आता तो ऐकत नाहीत. ऐकतात ते वरून जाणारे वैमानिक, ज्यांच्या दुसऱ्या रेडिओवर १२१.५ लावलेले असते. आवाज आला तर त्यांनी तीन गोष्टी कळवायच्या असतात: तो प्रथम कुठे ऐकू आला, सर्वांत मोठा कुठे होता, आणि शेवटचा कुठे ऐकू आला. ही तीन ठिकाणे कोणीतरी नकाशावर मांडतो आणि मग जवळच्या गावातील एका स्वयंसेवकाला दूरध्वनी लावतो.